आई अंतर्मुख आणि मुलगी बडबडी: स्वभावप्रकारामुळे मातृत्व कमी पडते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंटरनेटवरच्या एका चाचणीत तुमचा स्वभावप्रकार ‘आयएनटीजे’ निघाला, म्हणजे अंतर्मुख, तर्काने चालणारा, आखून काम करणारा. तुमची पाच वर्षांची मुलगी मात्र डोळे उघडल्यापासून झोपेपर्यंत बोलत असते आणि तिला सतत कोणीतरी लागते. कामावरून घरी आल्यावर तिच्या तिसऱ्या-चौथ्या प्रश्नालाच तुम्ही खेकसता आणि रात्री ती झोपली की तिच्याकडे बघत रडता. त्यात सासूबाई म्हणाल्या की, ‘तुझ्यात मायाच कमी.’ तेव्हा हा स्वभाव आई होण्यासाठी मुळातच चुकीचा आहे का, आणि मुलीचीही अशी चाचणी करून घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते केवळ तुम्हाला बरे वाटावे म्हणून देत नाही. मी बरीच वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवले, दोन मुले वाढवली आणि सासरी ‘माणूसघाणी’ हे विशेषण पंचवीस वर्षे वागवले, त्यामुळे या विषयाची पुस्तकातली आणि स्वयंपाकघरातली अशा दोन्ही बाजू मला थोड्याफार परिचयाच्या आहेत.

ज्या मायर्स-ब्रिग्ज पद्धतीवरून तुमची चाचणी बेतलेली आहे, तिचा उगम कोणत्याही प्रयोगशाळेत झालेला नसून एका अमेरिकन घरात, आई, मुलगी आणि जावई यांच्यामध्ये झालेला आहे. कॅथरीन कुक ब्रिग्ज (जन्म 1875) यांची लहानपणी दगावलेली मुले वगळता इसाबेल ही जगलेली एकुलती एक मुलगी. तिला त्यांनी बहुतांशी घरीच शिकवले, तिच्या वाढीचे बारकाईने निरीक्षण केले आणि संगोपनावर मासिकांतून लेखही लिहिले. पुढे इसाबेलने क्लॅरन्स मायर्स या कायद्याच्या विद्यार्थ्याशी लग्न ठरवले. कल्पनेत रमणाऱ्या या घराला हा व्यवहारी, तपशिलाला धरून चालणारा, मोजके बोलणारा मुलगा आवडला, पण उमगेना. माणसे एकमेकांपासून इतकी वेगळी कशी असतात, या प्रश्नाने कॅथरीनबाई झपाटल्या आणि चरित्रे वाचून त्यांनी स्वतःची वर्गवारी मांडायला घेतली. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांचा स्वभावप्रकारांवरचा जर्मन ग्रंथ 1921 मध्ये आला होता. त्याचे इंग्रजी भाषांतर 1923 मध्ये त्यांच्या हाती पडले, तेव्हा आपण जे शोधत होतो ते कोणीतरी अधिक नीट मांडले आहे अशी त्यांची खात्री पटली. प्रत्यक्ष प्रश्नावली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुख्यतः इसाबेल यांनी तयार केली. दोघींपैकी एकीनेही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. (जावई समजावा म्हणून एवढी खटपट करणाऱ्या सासूबाई आपल्याकडे किती निघतील, हा विचार मला दर वेळी शिकवताना मनात यायचा आणि मी तो वर्गात बोलूनही दाखवायचे.)

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की ही वर्गवारी समोरचे माणूस आपल्याहून वेगळे का वागते हे कळावे म्हणून जन्माला आली. स्वतःला नापास ठरवण्यासाठी तिचा उपयोग करणे हे तिच्या मूळ हेतूच्याही विरुद्ध आहे, आणि तिच्या अंगी तेवढे बळही नाही. अंतर्मुख आणि बहिर्मुख अशा दोन पेट्या प्रत्यक्षात नसतात. बहुतेक माणसे मधल्या पट्ट्यात कुठेतरी असतात आणि चाचणी त्या पट्ट्यावर मधोमध रेघ मारते. 34 गुणांचा नापास आणि 35 गुणांचा पास यांच्यात जो फरक असतो, तेवढाच फरक पुष्कळदा ‘आय’ (अंतर्मुख) आणि ‘ई’ (बहिर्मुख) या अक्षरांत असतो. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा सोडवली तर बऱ्याच जणांचे एखादे अक्षर बदललेले दिसते.

संशोधक आज प्रकारांऐवजी पाच गुणविशेष मोजतात: बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, नव्या अनुभवांबाबतचा मोकळेपणा आणि भावनिक अस्थिरता. पालकांचे हे गुणविशेष आणि त्यांचे मुलांशी वागणे यांचा संबंध तपासणारे 30 अभ्यास पीटर प्रिन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एकत्र करून पाहिले. संबंध आढळला. उदाहरणार्थ, भावनिक अस्थिरता कमी असणाऱ्या आणि सौहार्द अधिक असणाऱ्या पालकांच्या वागण्यात ऊब काहीशी जास्त दिसली. परंतु हे सगळेच संबंध लहान होते. याचा अर्थ, एखादी आई अंतर्मुख आहे एवढे कळल्यावर तिचे मूल मायेत वाढते आहे की नाही याचा अंदाज जवळजवळ करताच येत नाही. मानसशास्त्रज्ञ जे बेल्स्की यांनी 1984 मध्येच हे नीट मांडले होते की पालकत्व तीन गोष्टींवर उभे असते: पालकाची स्वतःची मानसिक घडण, मुलाचा स्वभाव आणि आजूबाजूचा ताण किंवा आधार. तुम्ही तिघांपैकी पहिलीच गोष्ट धरून बसला आहात.

दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे मुलाच्या स्वभावाकडे वळले की विषय खरा रंगतो. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने न्यूयॉर्कमध्ये 1956 पासून 133 मुलांना तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत न्याहाळले. सुमारे 40 टक्के मुले ‘सोपी’, 10 टक्के ‘अवघड’ आणि 15 टक्के ‘हळूहळू रुळणारी’ अशी त्यांनी नोंद केली. उरलेली कोणत्याच गटात नीट बसली नाहीत. पण त्यांचा महत्त्वाचा निष्कर्ष या टक्केवारीत नाही. मुलाचे पुढे बरे होते की बिघडते हे केवळ त्याच्या किंवा आईच्या स्वभावावर ठरत नाही, तर त्या दोहोंची आणि घराच्या अपेक्षांची सांगड कशी बसते यावर ठरते, असे त्यांना दिसून आले. न्यूयॉर्कमधल्याच पोर्तो रिकन कामगार कुटुंबांत मुलांच्या झोपेच्या अनियमित वेळांचा कोणाला फारसा त्रास नव्हता, कारण घर त्या वेळांशी जुळवून घेत असे. शाळा सुरू झाल्यावर सकाळी ठराविक वेळी उठणे भाग पडले आणि त्याच मुलांच्या बाबतीत झोप ही ‘समस्या’ झाली. मुलाचा स्वभाव तोच होता, फक्त घड्याळ बदलले.

याहून टोकाचे उदाहरण केनियातल्या मसाई लोकांचे आहे. मार्टेन डेव्रीस यांनी तिथल्या काही बाळांची ‘सोपी’ आणि ‘अवघड’ अशी नोंद केली होती. 1974 च्या दुष्काळानंतर ते परतले तेव्हा शांत बाळांपैकी अधिक दगावली होती आणि किरकिरी बाळे अधिक तगली होती. संख्या अगदीच थोडी होती, त्यामुळे त्यावर फार मोठा सिद्धान्त उभारू नये. तरी जे बाळ रडून घर डोक्यावर घेते त्याच्या तोंडात घास आधी जातो, हे कोणत्याही घरच्या आजीला न शिकता ठाऊक असते.

आता माझ्या घरचे सांगते. माझी थोरली मुलगी घुमी, तासन्‌तास कागद कातरत बसणारी. तिच्या वेळी मी स्वतःला उत्तम आई समजत होते. तिच्यानंतर चार वर्षांनी झालेला धाकटा मात्र तुमच्या मुलीसारखा निघाला. तो स्वच्छतागृहाच्या दाराबाहेर उभा राहूनही गोष्ट सांगत असे. सहा महिन्यांत माझे ‘उत्तम आईपण’ आटोपले. वर्गात चार तास बोलून घरी आल्यावर मला माणसाचा आवाज नकोसा होई आणि त्याला नेमका त्याच वेळी दिवसभराचा हिशोब द्यायचा असे. तेव्हा माझ्या लक्षात आले की माझा स्वभाव थोरलीच्या वेळीही हाच होता. फक्त तिच्याशी तो आपोआप जुळत होता, त्यामुळे श्रेय मी उगीचच घेतले होते.

मला वाचवले ते माझ्या सासूबाईंनी, आणि हे लिहिताना मला थोडे हसू येते, कारण ‘माणूसघाणी’ हा शब्दही त्यांचाच. त्या अघळपघळ बोलणाऱ्या, दारावरच्या भाजीवाल्याशीही अर्धा तास गप्पा मारणाऱ्या. धाकट्याची आणि त्यांची जोडी अशी जमली की संध्याकाळी भाजी निवडता निवडता दोघेही एकाच वेळी बोलत आणि कोणीही कोणाचे ऐकत नसे. भरल्या घरांचा हा एक गुण होता. त्या घरांत सुनेला एकांत मिळत नसे, तिचे थकणे कोणी मोजत नसे, आणि त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची मला मुळीच इच्छा नाही. परंतु मुलाला आपल्या जातकुळीचे कोणीतरी, आजी, आत्या, काकू, शेजारच्या वहिनी, मिळून जाई. आज फ्लॅटमध्ये सगळ्या नात्यांचा भार एकाच बाईच्या स्वभावावर पडतो आणि मग तो स्वभाव अपुरा वाटू लागतो. तुमच्या सासूबाई तुमच्याजवळ राहतात की अधूनमधून येतात हे तुम्ही लिहिलेले नाही. जवळ असतील तर त्यांच्या ‘माया’ या शब्दाचा वाद बाजूला ठेवून मुलीच्या गप्पांचा संध्याकाळचा पहिला हप्ता त्यांच्याकडे द्यावा, असे मी सुचवीन; बहुधा त्यांनाही ते हवेच असेल.

या ठिकाणी आपल्या भाषेविषयी एक तक्रार नोंदवते. कमी बोलणारा बाप ‘गंभीर’ किंवा ‘शांत’ असतो. कमी बोलणारी आई ‘घुमी’, ‘तुसडी’, ‘माणूसघाणी’ होते. स्वभाव एकच, पण आईकडून बहिर्मुखतेची अपेक्षा इतकी गृहीत धरलेली असते की तिचे गप्प बसणे थेट प्रेमाच्या खात्यात वजा होते. तुम्ही मुलीची औषधे वेळेवर देत असाल, तिला सोमवारी कोणत्या रंगाचा गणवेश लागतो ते तुमच्या लक्षात असेल, तिने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधून तिला सांगत असाल, तर तीही माया आहे. ती चारचौघांत दिसत नाही इतकेच.

स्वभावप्रकाराचा उपयोग मात्र एका बाबतीत जरूर करावा: आपण कुठे आणि केव्हा थकतो हे ओळखण्यासाठी. मी धाकट्याला घड्याळातला मोठा काटा दाखवून सांगत असे की, ‘काटा सहावर येईपर्यंत आई चहा पिणार आणि गप्प बसणार, त्यानंतर तुझे सगळे ऐकणार.’ पहिला आठवडा त्याने दर दोन मिनिटांनी काटा कुठे आला ते येऊन सांगितले. तिसऱ्या आठवड्यात तो थांबायला शिकला. यातली दुसरी अट पहिलीइतकीच पाळावी लागते: काटा सहावर आला की फोन बाजूला ठेवून खरोखर ऐकायचे, अर्धवट हुंकार द्यायचे नाहीत. मूल बोलके असले तरी त्याला पूर्ण संध्याकाळ लागतेच असे नाही. वीस मिनिटे पूर्ण लक्ष मिळाले की पुष्कळदा ते स्वतःहून खेळायला जाते. ज्या दिवशी तुम्ही ओरडाल त्या दिवशी नंतर तिला सांगावे की, ‘मी दमले होते, म्हणून ओरडले, तुझ्या बोलण्यात काही चूक नव्हती.’ हे वाक्य तुमच्या मुलीसाठी महत्त्वाचे आहे, कारण नाहीतर आपले बोलणेच वाईट आहे असे ती धरून चालेल. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1950 च्या दशकात ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली, तीत आईचे थोडेथोडे कमी पडत जाणे हा मुलाच्या वाढीचाच भाग मानलेला आहे.

एक गोष्ट मात्र स्वभावाच्या नावावर टाकू नये. रोज रात्री रडणे, झोप न लागणे, कशातच मन न रमणे असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालू असेल, तर तो अंतर्मुखपणा नव्हे. अशा वेळी डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांकही आहे, तिथे मराठीतून बोलता येते. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण स्वभावापुरती ठीक आहे, नैराश्याला मात्र औषध असते.

राहिला मुलीच्या चाचणीचा प्रश्न. कृपया करू नये. मूळ प्रश्नावली साधारण 14 वर्षे आणि त्यापुढील वयासाठी आहे. पाच वर्षांच्या मुलीच्या वतीने तुम्हीच उत्तरे भराल, आणि मग निकाल तिचा नसून, तिच्याकडे बघून दमलेल्या तुमचा असेल. माझ्या घुम्या थोरलीला आम्ही सगळ्यांनी, मी धरून, ‘ही काही लोकांत मिसळणार नाही’ असे ठरवून टाकले होते आणि पाहुण्यांसमोर तसे बोलतही असू. ती आज ग्राहकांशी दिवसभर फोनवर बोलण्याची नोकरी करते आणि घरी आली की दार लावून अर्धा तास गप्प बसते. तिची साडेतीन वर्षांची मुलगी दाराबाहेर उभी राहून मोठा काटा कुठे आला ते विचारत असते.