क्रीडाशास्त्राच्या पदवीसाठी एफडी मोडू का?

प्रश्न ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून आला आहे. थोडक्यात असा: वडील ५४ वर्षांचे, राज्य शासनाच्या नोकरीत, १९९९ पासून. हातात पगार ६८ हजार, आईच्या शिवणकामातून महिन्याला १० हजार. घरखर्च आणि धाकट्याची शाळा धरून ५२ हजार जातात. राहतं घर स्वतःचं, कर्ज नाही. एफडी ६ लाखांची, घरात १२ तोळे सोनं. लेक बारावी झाली, शाळेकडून राज्य पातळीवर हॉकी खेळली. तिला पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात तीन वर्षांच्या बीएस्सी क्रीडाशास्त्राला जागा मिळते आहे. फी वर्षाला ३ लाख २० हजार, वसतिगृह आणि मेस १ लाख ६० हजार. आत्या पुण्यात आहे, पण तिच्या घरापासून कॉलेज लांब पडतं. जागा धरून ठेवायला ६० हजार लगेच भरायचे आहेत. वडील विचारतात, "एफडी मोडू, सोनं ठेवू की घरावर कर्ज काढू? आणि या शिक्षणाचं पुढे होतं काय, तेच आम्हाला उमगत नाही."

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करू या. ते उमगल्याशिवाय पैसे कुठून आणायचे हा प्रश्न सुटणार नाही.

क्रीडाशास्त्र हा एक विषय नाही. व्यायामात शरीर कसं चालतं, हालचालीचं यांत्रिक शास्त्र, खेळाडूचं मन, आहार, ताकदीचं प्रशिक्षण अशा चार-पाच शाखा त्यात येतात. पहिल्या पदवीत मुलं सगळ्याची चव घेतात. काम मिळतं ते एका शाखेत हात बसल्यावर, आणि तो बसतो मास्टर्सला किंवा त्याच्या बरोबरीच्या प्रशिक्षणात. म्हणून माझं मत आधीच सांगतो: या क्षेत्रात पहिली पदवी स्वस्तात आणि जास्तीत जास्त दारं उघडी राहतील अशी करावी, आणि घरची ताकद दुसऱ्या पदवीसाठी राखावी. तुमचा आत्ताचा बेत नेमका उलटा आहे.

आता दारं कोणती, ते पाहा. शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व्हायचं तर बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणातली पदवी लागते. नुसत्या बीएस्सी क्रीडाशास्त्रावर ते दार उघडत नाही. त्यावर आणखी दोन वर्षांचं बीपीएड करावं लागतं, म्हणजे एकूण पाच वर्षं. प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका, तिला सगळे एनआयएस म्हणतात. कॉलेजात शिकवायचं तर मास्टर्स आणि शारीरिक शिक्षण विषयात नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) किंवा सरकारच्या खेलो इंडिया योजनेच्या केंद्रांत क्रीडा वैज्ञानिकाची कामं आहेत, पण त्यांतली बरीच कराराची असतात आणि जाहिरातीत मास्टर्स मागतात. आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकतो, कारण तो महागात पडतो: क्रीडाशास्त्राची पदवी घेऊन फिजिओथेरपिस्ट होता येत नाही. रुग्ण तपासायचे तर फिजिओथेरपीचीच पदवी आणि नोंदणी लागते. लेकीच्या मनात "खेळाडूंच्या दुखापती बऱ्या करायच्या" असं असेल, तर हा अभ्यासक्रमच चुकीचा आहे. पैसे भरण्याआधी तिला हे एकदा स्पष्ट विचारा.

मग तुमच्या गावाकडे पाहा. राणी लक्ष्मीबाईंच्या नावाची राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ साली, अठराशे सत्तावनच्या शताब्दीच्या वर्षी, तुमच्याच शहरात सुरू झाली. १९९५ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. देशभरातून मुलं तिथे येतात आणि ग्वाल्हेरची मंडळी पुण्याचे पत्ते शोधतात! तिथलं चार वर्षांचं बीपीएड बारावीनंतरच करता येतं. त्यात शरीरक्रियाशास्त्र, बायोमेकॅनिक्स (हालचालीचं यांत्रिक शास्त्र), क्रीडा मानसशास्त्र हे सगळं येतं आणि शिक्षकाचं दारही त्याच पदवीत उघडतं. मात्र यंदाच्या माहितीपुस्तिकेत त्या अभ्यासक्रमाला एनसीटीईची (शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी राष्ट्रीय परिषद) मान्यता लिहिलेली आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. संस्था निवासी आहे, म्हणून घर दोन मैलांवर असलं तरी वसतिगृहाचा खर्च धरावाच लागेल. फीचा चालू आकडा तिथूनच घ्या. हिशेबासाठी मी मेस, किट, बूट सगळं धरून वर्षाला दीड लाख मोजतो. चार वर्षांचे झाले ६ लाख. पुण्याचे तीन वर्षांचे १४ लाख ४० हजार.

आता पुण्याचा पैसा तुम्ही कसा उभा कराल, ते पाहू. एफडीतून ५ लाख ४० हजार आणि शिक्षणकर्ज ९ लाख, दरवर्षी ३ लाखांप्रमाणे. व्याज साडेदहा टक्के धरू. अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढतच असतं. पहिल्या ३ लाखांवर चार वर्षांचं, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन वर्षांचं; सरळ व्याजाने एकूण २ लाख ८३ हजार ५००. हप्ता सुरू होईल तेव्हा कर्ज ११ लाख ८३ हजार झालेलं असेल. दहा वर्षांत फेडायचं तर महिना १६ हजार, एकूण परतफेड १९ लाखांच्या वर. बीएस्सी झालेल्या मुलीच्या पहिल्या नोकरीचा पगार मी हिशेबाला २५ हजार धरतो. त्यातले १६ हजार हप्त्यात गेले तर ती मास्टर्सला जाऊच शकत नाही. आणि मास्टर्स नसलं तर पगार वाढत नाही. खरी अडचण ही आहे. मग हप्ता तुम्ही भरणार. तो सुरू होईल तेव्हा तुम्ही ५८ वर्षांचे असाल, संपेल तेव्हा ६८. निवृत्ती ६२ ला आहे, म्हणजे शेवटची सहा वर्षं पेन्शनमधून. धाकट्याचं कॉलेज नेमकं त्याच काळात.

साडेसात लाखांवरच्या शिक्षणकर्जाला बँक सहसा तारण मागते, म्हणजे घराची कागदपत्रं तशीही जातीलच. ते विद्यापीठ पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत असेल तर तारण आणि जामीनदार लागत नाही. पोर्टलवर संस्थेचं नाव टाकून पाहा. व्याजातली तीन टक्क्यांची सवलत मात्र ८ लाखांपर्यंतच्या कौटुंबिक उत्पन्नाला आहे. तुमचं हातात येणारंच सव्वानऊ लाखांच्या पुढे जातं, ती धरू नका. बँकेतला माणूस शिक्षणकर्जाच्या व्याजावर कर वाचतो असंही सांगेल. ती वजावट जुन्या करप्रणालीत आहे. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तुम्हाला तसाही कर बसत नाही, मग वाचणार काय? कर्ज घेण्याचं ते कारण तुमच्यापुरतं शून्य आहे.

सोन्याबद्दल. सोनेतारण कर्ज साधारण वर्षभराचं असतं आणि शिक्षणाचा पैसा परत यायला चार-पाच वर्षं लागतात. ४ लाख ८० हजार साडेनऊ टक्क्यांनी उचलले, तर वर्षाअखेरी ४५ हजार ६०० व्याज भरून कर्ज नवं करायचं आणि त्याच महिन्यात दुसऱ्या वर्षाचे ४ लाख ८० हजार पुन्हा उभे करायचे. एखादं वर्ष चुकलं की लिलावाची नोटीस येते. पाटल्या-तोडे दवाखान्याच्या वेळेसाठी राहू द्या.

ग्वाल्हेरचा मार्ग धरलात तर वर्षाचे दीड लाख म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. तुमच्याकडे महिन्याला २६ हजार उरतात, त्यातूनच हे जातं. एफडीला हात लागत नाही. उरलेल्या साडेतेरातले आठ हजार आवर्ती ठेवीत टाका. साडेसहा टक्क्यांनी चार वर्षांत सुमारे ४ लाख ३९ हजार होतात. ६ लाखांची एफडी पावणेसात टक्क्यांनी पावणेआठ लाखांच्या पुढे जाते. म्हणजे लेक बावीस वर्षांची होईल तेव्हा हातात १२ लाख, डोक्यावर कर्ज शून्य. देशातलं दोन वर्षांचं मास्टर्स त्यात आरामात बसतं. परदेशातलं बसत नाही. इंग्लंडमध्ये एका वर्षाचं एमएस्सी फी, राहणं, व्हिसा मिळून सहज पस्तीस लाखांवर जातं. पण तेव्हा कर्ज काढलंत तर ते निदान नेमक्या शाखेसाठी असेल. तो विचार मनात असेल तर आत्ताच दोन-तीन विद्यापीठांना ईमेल करून "चार वर्षांचं बीपीएड चालेल का" हे लेखी विचारून ठेवा. प्रत्येकाचा नियम वेगळा असतो आणि नाही म्हटलेलं चार वर्षांनी कळण्यात अर्थ नाही.

तरीही लेकीचा जीव पुण्यातच अडकला असेल, तर नुसता नकार देऊ नका. गोवा एक्स्प्रेसने दोघं पुण्याला जा आणि तिथली प्रयोगशाळा उघडायला लावा. माहितीपत्रकातल्या फोटोंत सगळं चकचकीत असतं. व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते मोजायचं यंत्र पाहा: ट्रेडमिलवर पळणाऱ्याच्या तोंडाला मास्क, नळी, आणि श्वासातला ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड मोजणारा डबा. प्रत्येक चाचणीआधी ते जुळवून घ्यावं लागतं. त्यासाठी ठरावीक मिश्रणाचा, बहुधा १६ टक्के ऑक्सिजन आणि ४-५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागतो, आणि हवेचा प्रवाह तपासायला तीन लिटरची मोठी सिरिंज. सिलिंडर रिकामा असला तरी यंत्र आकडा दाखवतंच, पण तो आकडा भरवशाचा नसतो. म्हणून सिलिंडरवरचा दाबाचा काटा बघा आणि जुळवणीची वही मागा. शेवटची नोंद सहा महिन्यांपूर्वीची असेल तर ते यंत्र पाहुण्यांना दाखवण्यापुरतं आहे. फोर्स प्लेट (पायाचा जमिनीवरचा जोर मोजणारी पाटी) असेल तर लेकीला तिच्यावर उभं करा, पडद्यावर तिचं वजन बरोबर येतं का पाहा. रक्तातलं लॅक्टेट (जोराच्या व्यायामात वाढणारं द्रव्य) तपासायच्या पट्ट्यांच्या डबीवरची मुदत वाचा. मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एकच विचारा: गेल्या सत्रात तुम्ही स्वतः किती चाचण्या घेतल्या? "सरांनी करून दाखवलं" असं उत्तर आलं तर ३ लाख २० हजार कशाचे, हा प्रश्न लेकच विचारेल.

आणि हीच पाहणी ग्वाल्हेरलाही करा. गावची संस्था म्हणून तिला सूट नको.

दोन्हीकडे समाधान झालं आणि पुण्याने फीत घसघशीत शिष्यवृत्ती दिली, तर माझं मत बदलेल. माझी रेघ अशी: एकूण खर्च ८ लाखांच्या आत, आणि त्यात कर्ज ४ लाखांपेक्षा जास्त नाही. तेवढ्याला तारण लागत नाही, आणि सात वर्षांच्या फेडीत हप्ता नऊ हजारांच्या आत राहतो. तोही अभ्यास चालू असताना व्याज भरत गेलात तर आणखी उतरतो. काही बँका त्यासाठी दरातही सूट देतात.

एक खर्च दोन्ही मार्गांवर आहे आणि तो कोणी धरत नाही. या अभ्यासक्रमात रोज मैदान आहे. हॉकी खेळणाऱ्या मुलीचा गुडघ्याचा लिगामेंट फाटला तर शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला सहा ते नऊ महिने लागतात आणि प्रात्यक्षिकांचं एक सत्र बुडू शकतं. लेकीचं नाव असलेली आरोग्य विमा पॉलिसी प्रवेशाआधी घ्या. बऱ्याच पॉलिसींत लिगामेंटच्या उपचाराला दोन वर्षांची प्रतीक्षा असते, पण दुखापत अपघाताने झाली तर ती सहसा लागत नाही. म्हणून पडल्याच्या दिवशीच डॉक्टरांच्या कागदावर तारीख, मैदान आणि कशी पडली हे लिहून घ्यायचं. "गुडघा बरेच दिवस दुखतोय" अशी ओळ कागदावर आली की दावा अडकतो.

आता त्या ६० हजारांचं. भरायचेच झाले तर आधी विद्यापीठाकडून प्रवेशाची औपचारिक अंतिम तारीख लेखी घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे त्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत मिळते. त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून फार तर पाच टक्के, तेही पाच हजारांपर्यंतच, कापता येतं. पंधरा दिवसांपेक्षा कमी राहिले असतील तर नव्वद टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांत ऐंशी, तीस दिवसांपर्यंत पन्नास आणि त्यानंतर काही नाही. मूळ गुणपत्रिका त्यांना ठेवून घेता येत नाहीत. पाहून परत करायला सांगा. पावतीवर "नॉन-रिफंडेबल" छापलेलं असेल तर भरण्याआधी याच नियमाचा उल्लेख करून ईमेल टाका आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

ग्वाल्हेरच्या प्रवेशाला लेखीबरोबर शारीरिक क्षमतेची आणि खेळाच्या कौशल्याचीही चाचणी असते. बारावीच्या अभ्यासात लेकीचं मैदान सुटलं असेल, तर उद्या सकाळपासून पळणं सुरू करायला सांगा. हॉकीची राज्य पातळीची प्रमाणपत्रं काढून त्यावरचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळते का, ते आजच ताडून पाहा. शाळेच्या प्रमाणपत्रांवर आडनावाचं स्पेलिंग हमखास चुकलेलं असतं, आणि दुरुस्तीला महिना लागतो.