सॉफ्टबॉलचा पिचर पस्तिशीत बॉलिंग सुरू करू शकतो का?

कॉलेजात सॉफ्टबॉलचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, होतात, आता पस्तिशीत टेनपिन बॉलिंग (जड चेंडू घरंगळवून समोरच्या दहा पिना पाडायचा खेळ) जमेल का आणि घरचे त्याला 'मॉलमधला टाइमपास' म्हणतात त्यांना काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय. जमेल की! घरच्यांबद्दल मात्र मला बरंच बोलायचंय.

मी परभणीचा. शाळेपासून विद्यापीठापर्यंत पिचिंग केलं. आमचे दादा टेनिस बॉल क्रिकेटमधले नावाजलेले बॅट्समन. सॉफ्टबॉल म्हणजे पोरींचा खेळ, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऑलिम्पिकमध्ये १९९६ला आला तो महिलांचाच सॉफ्टबॉल, हे खरं. पण त्यानं खेळ हलका कसा होतो?

एकदा उन्हाळ्यात मी त्यांना मैदानावर नेलंच. काळी माती भेगाळलेली, फक्की मारलेल्या रेषा वाऱ्यानं अर्ध्या उडालेल्या. दादा बॅट घेऊन ऐटीत उभे राहिले. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची, इथं पुरुषांचा पिचर ४६ फुटांवरून टाकतो. वर हात पूर्ण गोल फिरून चेंडू मांडीजवळून सुटतो, तिथं बॅट्समनची नजरच नसते. पहिल्या चेंडूला दादांची बॅट फिरली तेव्हा चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पोचला होता. मग मी तसाच हात फिरवून चेंज-अप, म्हणजे मुद्दाम हळू चेंडू, टाकला, तर बॅट चेंडूच्या कितीतरी आधी फिरली. त्यांच्या बॅटला शेवटपर्यंत चेंडू लागला नाही. घरी येऊन म्हणाले, "ऊन डोळ्यावर येत होतं."

पुण्यात नोकरीला लागल्यावर बॉलिंग धरलं, तर दादांचं पुन्हा तेच: पैसे देऊन बाटल्या पाडायच्या! अहो, चेंडू जिच्यावरून जातो ती लेन ६० फुटांची. पहिल्या साधारण ४० फुटांवर तेल असतं, तिथं चेंडू घसरत जातो. पुढच्या कोरड्या भागात तो पकड घेतो आणि वळतो. उजव्या हाताच्या खेळाडूनं तो पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधे तिरपा घुसवायचा असतो. समोर न दिसणारं तेल वाचत खेळायचं असतं. याला टाइमपास म्हणणाऱ्यानं आधी सलग दोन स्ट्राइक, म्हणजे एकाच चेंडूत दहाही पिना पाडणं, घेऊन दाखवावेत.

तुमचा फायदा असा की चेंडू खालून, डाव्या पायावर येऊन, मनगटानं सोडायची सवय अंगात आहे. फक्त जोर लावू नका. पिचर तिथंच फसतो. बॉलिंगमध्ये हात झोपाळ्यासारखा आपसूक येऊ द्यायचा. सुरुवातीला १२-१३ पौंडांचा चेंडू पुरे. अंगठ्याचं भोक घट्ट किंवा फार सैल असेल तर चेंडू बदला. जमेल तर पुढे स्वतःच्या बोटांच्या मापाची भोकं पाडलेला चेंडू करून घ्या.

हां, एक राहिलं. मराठवाड्यात राहत असाल तर सरावाला लेन मिळणं अवघड. पुण्याला किंवा हैदराबादला जाणं होत असेल तरच पैसे घाला. आणि पिचिंगचा जुना खांदा अजून दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.