वाचकांचे प्रश्न : ट्रामचा नंबर, तारीख आणि वेळ

प्रश्न : आमचा मुलगा शिक्षणासाठी मँचेस्टरला आहे. त्याच्याकडे राहायला गेलो असताना सेंट पीटर्स स्क्वेअरच्या ट्राम थांब्यावर काही माणसे वही आणि कॅमेरा घेऊन उभी असलेली दिसत. गाडी आली की ती काहीतरी टिपून घेत, पण गाडीत चढत मात्र नसत. गाड्या तर साऱ्या पिवळ्या आणि एकसारख्या. मग ती माणसे टिपतात तरी काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ती माणसे गाडीचा नंबर टिपतात, आणि नंबराबरोबर तारीख, वेळ, थांब्याचे नाव व गाडी कोणत्या दिशेला निघाली हेही टिपतात. मँचेस्टरच्या मेट्रोलिंक या ट्रामसेवेवर आज एकाच जातीच्या १४७ गाड्या आहेत आणि त्यांना ३००१ पासून ३१४७ पर्यंत क्रमांक दिलेले आहेत. प्रवाशाच्या दृष्टीने त्या सगळ्या सारख्याच असतात. ट्रामच्या छंदिष्टाला मात्र त्यांतली एक गाडी अंगभर जाहिरात रंगवून आलेली दिसते, दुसरीच्या दर्शनी भागाची एक काच नवी दिसते, आणि कालपर्यंत एकेकटी धावणारी तिसरी आज दुसऱ्या गाडीला जोडून जोडगाडीत आलेली दिसते. सेंट पीटर्स स्क्वेअर या कामाला सोयीचा आहे, कारण तेथून बहुतेक मार्गांच्या गाड्या जातात आणि तासाभरात निम्मी वही भरते.

तुम्हाला कदाचित आश्चर्य वाटेल, पण या लोकांच्या लेखी न दिसलेली गाडी ही दिसलेल्या गाडीइतकीच मोठी बातमी असते. एखादा नंबर तीन आठवडे कोणालाच दिसला नाही, तर ती गाडी डेपोत दुरुस्तीला उभी असणार, असा कयास बांधता येतो. मात्र असा कयास बांधायला शहराच्या वेगवेगळ्या भागांतल्या आठ-दहा माणसांच्या नोंदी एकत्र याव्या लागतात, कारण एकट्याच्या वहीवरून फार तर त्या माणसाला ती गाडी भेटली नाही इतकेच कळते. नोंदी एकमेकांना कळवण्याची गरज मुळात येथून निर्माण झाली. नंबर टिपणे हा एकट्याने करायचा छंद असला, तरी त्याचे फळ चारचौघांच्या वह्या जुळल्या तरच मिळते.

मी स्वतः उत्तर इंग्लंडमध्ये काही वर्षे काढली आणि या मंडळींमध्ये उभे राहून बरेच शिकलो. एका पावसाळी संध्याकाळी मी ३०३८ या गाडीची नोंद घाईघाईत ३०८३ अशी केली आणि तशीच पुढे कळवली. त्याच रात्री एका वयस्कर गृहस्थांचा निरोप आला की ३०८३ त्या वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर मँचेस्टरजवळच्या बरी या गावाकडे चालली होती, तेव्हा मी पाहिलेली गाडी दुसरी असली पाहिजे. त्यांच्या निरोपात रागाचा लवलेशही नव्हता. चुकीचा नंबर वहीत राहू नये एवढीच त्यांची कळकळ होती. तेव्हापासून गाडी पूर्ण थांबल्यावर, आणि शक्य तर दोन ठिकाणी लिहिलेला नंबर ताडून पाहिल्यावरच मी वहीत लिहितो.

प्रश्न : लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये ट्राम २००० साली सुरू झाली, पण तिच्या पहिल्या गाडीचा नंबर २५३० आहे. बाकीच्या अडीच हजार गाड्या गेल्या कुठे? (एक वाचक, क्रॉयडन)

उत्तर : प्रश्न फार सुरेख आहे. लंडनच्या जुन्या ट्रामजाळ्यात सर्वांत वरचा क्रमांक २५२९ होता आणि ती जुनी ट्राम जुलै १९५२ मध्ये बंद झाली. ४८ वर्षांनी नवी ट्राम आली तेव्हा तिची मोजणी एकपासून न करता जुन्या यादीच्या पुढून करण्यात आली. मधला अर्ध्या शतकाचा खंड केवळ एका आकड्याने सांधला गेला, आणि तो कोणाच्या तरी मनात जुनी यादी जिवंत होती म्हणूनच सांधला गेला, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : ट्रामची बातमी आजच्या आज कळली किंवा महिन्याने कळली, तर असा काय फरक पडतो? छंदच तो. एवढी घाई कशासाठी? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ट्राम मोडीत काढण्याचे काम कोणासाठी थांबत नाही, हे या घाईचे पहिले आणि मोठे कारण आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधली शहरे एकापाठोपाठ एक ट्राम बंद करत सुटली होती. मँचेस्टरने १९४९ मध्ये, लंडनने १९५२ मध्ये, बर्मिंगहॅमने १९५३ मध्ये, एडिंबरोने १९५६ मध्ये, लिव्हरपूलने १९५७ मध्ये, लीड्सने १९५९ मध्ये आणि शेफील्डने १९६० मध्ये आपापली शेवटची गाडी डेपोत नेली. गाड्या जाळल्या जात किंवा भंगारवाल्याला विकल्या जात, आणि त्यांचे लाकडी सांगाडे शेतावर खोपट म्हणून किंवा कोंबड्यांचे खुराडे म्हणून उभे राहत. अशा काळात, १९४८ च्या उन्हाळ्यात, ट्रामच्या बाजूने उभ्या राहिलेल्या एका संघटनेची सहल साउदॅम्प्टनला गेली. ही संघटना १९३७ मध्ये स्थापन झाली होती आणि पुढच्याच वर्षापासून तिने स्वतःचे मासिक चालवले होते. साउदॅम्प्टनच्या उघड्या टपाच्या जुन्या गाड्या आता मोडीत निघणार असल्याचे या मंडळींना तेथे समजले. त्यांनी वर्गणी काढली आणि ४५ नंबरची, १९०३ साली बांधलेली गाडी १० पौंडांना विकत घेतली. गाडी ठेवायला जागा नव्हती, रूळ नव्हते आणि पैसाही नव्हता. पुढची कित्येक वर्षे ती गाडी इकडून तिकडे हलवली गेली आणि उन्हापावसात उभी राहिली. पण ती एक गाडी हाती होती म्हणून १९५५ मध्ये ट्राम संग्रहालयाची संस्था उभी राहिली, आणि १९५९ मध्ये तिला डर्बीशायरमधल्या क्रिच गावाजवळ दगडाच्या एका जुन्या खाणीत जागा मिळाली. तेथे १९६३ मध्ये घोड्याची ट्राम आणि १९६४ मध्ये विजेची ट्राम प्रवाशांना घेऊन धावू लागली. आज तेच ब्रिटनचे राष्ट्रीय ट्राम संग्रहालय आहे आणि ४५ नंबरची गाडी तेथे आहे. ती बातमी त्या मंडळींना महिन्याने कळली असती, तर वर्गणी काढायला गाडीच उरली नसती.

क्रिचला जाणाऱ्याने ही गाडी जवळून अवश्य पाहावी. साउदॅम्प्टनच्या मध्ययुगीन बारगेट वेशीखालून गाडी न्यावी लागत असल्यामुळे तिची उंची जाणूनबुजून कमी ठेवलेली आहे, आणि वरच्या मजल्यावर मधोमध लांबलचक बाक बसवून प्रवाशांना पाठीला पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून बसवलेले आहे. वर बसले की वेशीच्या कमानीखालून डोके खाली घालून जाणाऱ्या त्या माणसांची कल्पना आपोआप येते. संग्रहालयाच्या दारात तिकिटाबरोबर जुनी पेनी हातात देतात आणि गाडीत चढल्यावर कंडक्टरला भाडे म्हणून तीच द्यायची असते. लहान मुले ती पेनी मुठीत घट्ट धरून ठेवतात.

दुसरे कारण असे, की शेवटच्या दिवसाइतकाच पहिला दिवसही पुन्हा येत नाही. ग्लासगोची शेवटची ट्राम ४ सप्टेंबर १९६२ ला निघाली तेव्हा भर पावसात लाखोंचा जमाव रस्त्यावर होता आणि लोक रुळांवर पेनी ठेवून चाकाखाली चेपलेले नाणे आठवण म्हणून घरी नेत होते. त्यानंतर ३० वर्षे ब्रिटनच्या मुख्य भूमीवर शहराच्या रस्त्यावरून धावणारी विजेची जुनी ट्राम म्हणून एकटे ब्लॅकपूल उरले. ते सुरू झाले होते १८८५ मध्ये, आणि आरंभी तेथे वीज रस्त्यातल्या खाचेतून घेतली जाई. समुद्राची वाळू आणि खारे पाणी त्या खाचेत शिरून गाड्या अडत, म्हणून १८९९ मध्ये डोक्यावरची तार आली. १९९२ मध्ये मँचेस्टरला ट्राम परत आली, पुढे शेफील्ड, बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम येथे आली, आणि २०१४ मध्ये एडिंबरोलाही आली. एडिंबरोचा न्यूहेवनपर्यंतचा वाढीव मार्ग जून २०२३ मध्ये खुला झाला आणि ब्लॅकपूलची नॉर्थ स्टेशनपर्यंतची शाखा जून २०२४ मध्ये. नव्या रुळांवर चाचणीची पहिली गाडी कोणत्या नंबरची गेली, बर्मिंगहॅममध्ये तारेविना बॅटरीवर धावताना पॅन्टोग्राफ (तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) नेमका कुठे खाली घेतला जातो, या गोष्टी त्या दिवशी तेथे उभा असलेला माणूसच लिहू शकतो.

प्रश्न : मी लीड्सला नोकरी करतो आणि सुट्टीत शेफील्डला जाऊन ट्रामचे फोटो काढू लागलो आहे. कोणते पथ्य पाळावे? अपघाताची बातमी कळवावी का? (एक वाचक, लीड्स)

उत्तर : ट्राम रस्त्यातून जात असली तरी ती बसप्रमाणे वळून बाजूला होऊ शकत नाही आणि तिला थांबायला अंतर लागते, हे आधी मनात पक्के करावे. आधुनिक गाडी फारसा आवाज करत नाही, त्यामुळे कॅमेऱ्यातून पाहत मागे सरकणे धोक्याचे असते. मागे सरकायचे असेल तर आधी वळून पाहावे. चालकाच्या दिशेने फ्लॅश कधीही वापरू नये आणि डेपोच्या कुंपणाच्या आत परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. शेफील्डला गेल्यावर रॉदरहॅमकडे जाणारी ट्राम-ट्रेन मात्र चुकवू नका. शहरातल्या रस्त्यावरून निघून रेल्वेच्या रुळांवर चढणारी ती ब्रिटनमधली पहिली सेवा आहे आणि ऑक्टोबर २०१८ पासून सुरू आहे.

अपघाताविषयी मला थोडे अधिक बोलले पाहिजे. ९ नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे क्रॉयडनमधल्या सँडिलँड्स येथे ताशी २० किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर ट्राम सुमारे ७३ किलोमीटर वेगाने शिरली आणि उलटली, त्यात ७ प्रवाशांचे प्राण गेले. रेल्वे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी शाखेचा अहवाल यायला वर्षाहून अधिक काळ लागला. तोपर्यंत कारणांचे तर्क लढवणे म्हणजे मृतांच्या नातेवाइकांच्या जखमेवर मीठ चोळणे होते. अशा वेळी छंदिष्टाने मार्ग बंद आहे, गाड्या कोठून परत फिरत आहेत, प्रवाशांसाठी बस कोठून सुटते, एवढेच कळवावे. जखमींचे फोटो काढू नयेत आणि गाडीच्या नंबराची चढाओढ लावू नये. आपण कळवलेल्या बातमीचा थांब्यावर अडकलेल्या प्रवाशाला उपयोग होईल का, एवढे स्वतःला विचारले की काय कळवावे आणि काय नाही हे सहसा उमगते.

प्रश्न : माझी आई ८४ वर्षांची आहे. तरुणपणी ती मुंबईच्या ट्रामने कामाला जात असे. तिच्या जुन्या पाकिटात ट्रामचे एक तिकीट सापडले आहे. इंग्लंडमधले लोक जपतात तसे आपण काही जपू शकतो का? (एक वाचक, माटुंगा)

उत्तर : अवश्य जपू शकता, आणि हे काम या आठवड्यातच करावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला, विजेची ट्राम ७ मे १९०७ ला आणि दुमजली ट्राम १९२० मध्ये सुरू झाली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेलेली गाडी शेवटची ठरली. तुम्ही माटुंग्याचे आहात, तेव्हा ‘दादर टी. टी.’ हे शब्द रोज तुमच्या कानांवर पडत असतील. त्यातली दोन अक्षरे म्हणजे ट्राम टर्मिनस. गाड्या गेल्या, रूळ गेले, पण टॅक्सीवाल्याच्या तोंडी ती दोन अक्षरे राहिली.

तिकिटाला चिकटपट्टी लावू नका आणि ते लॅमिनेटही करू नका. आम्लरहित कागदाच्या घडीत ते सपाट ठेवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो दिवसाउजेडी काढा. तिकिटावर काहीही लिहू नका, वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहा. आईंना कोणत्या थांब्यावर चढत आणि कोठे उतरत, सकाळी किती वाजता निघत, भाडे किती पडे, वरच्या मजल्यावर बसत की खाली, आणि शेवटची ट्राम गेली त्या रात्री त्या कोठे होत्या, हे विचारा. त्या सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, आणि खाली आजची तारीख घाला.