शून्य, नल आणि न आलेली किंमत: फास्टएपीआयमध्ये पॅच करताना

तुमची अडचण थोडक्यात अशी: लासलगाव आणि पिंपळगावच्या कांदा लिलावाच्या नोंदी, एपीआय फास्टएपीआय या पायथनच्या चौकटीत, आणि आलेला डेटा तपासायला पायडॅन्टिक २ ही लायब्ररी. पॅचने, म्हणजे नोंदीचा काही भागच बदलणाऱ्या विनंतीने, फक्त कमाल भाव पाठवला की सकाळी भरलेली आवक पुसली जाते. ते थांबवायला 'इफ डेटा.आवक' लावलंत, तर आता चुकून भरलेली आवक शून्य करता येत नाही.

दोन्ही घोटाळ्यांचं मूळ एकच. शून्य आलं, नल (म्हणजे 'किंमत नाही'; पायथनमध्ये त्यालाच नन म्हणतात) आलं आणि काहीच आलं नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमचा कोड त्या एकाच गोणीत भरतोय. अपडेटच्या मॉडेलमध्ये (विनंतीत कोणती फील्ड येऊ शकतात ते सांगणाऱ्या क्लासमध्ये) प्रत्येक फील्डला नन हे डिफॉल्ट आहे. न आलेल्या आवकीच्या जागी पायडॅन्टिक ते बसवतं आणि तुम्ही नुसतं मॉडेल_डंप() (मॉडेलची डिक्शनरी करून देणारं) करून सगळं डेटाबेसात ओतता. आणि 'इफ'च्या लेखी शून्य काय, नन काय, दोन्ही खोटेच. 'इज नॉट नन' केलंत तर शून्य सुटेल, पण मुद्दाम पाठवलेलं नल हरवेल. ते तुम्हाला लागणार आहे. लिलाव झालाच नाही म्हणून भाव काढायचा असेल तर तिथे नलच हवं. शून्य लिहिलंत की महिन्याची सरासरी गडगडली म्हणून समजा.

मॉडेल_डंप(एक्सक्लूड_अनसेट=ट्रू) वापरा. विनंतीत जी नावं आली तेवढीच डिक्शनरीत येतात, मग किंमत शून्य असो की नल. एक्सक्लूड_नन किंवा एक्सक्लूड_डिफॉल्ट्स याच्या जागी चालत नाहीत, दोन्ही मुद्दाम पाठवलेलं नल गाळून टाकतात.

'ऑप्शनल' या नावाला फसू नका. पायडॅन्टिक २ मध्ये त्याचा अर्थ 'नल चालेल' एवढाच; 'नाही पाठवलं तरी चालेल' हे पुढे '= नन' लिहिल्यावरच लागू होतं. उलट आवक न पाठवणं चालेल पण नल चालणार नाही, असं हवं असेल तर टाइप नुसता फ्लोट ठेवा आणि डिफॉल्ट नन द्या. डिफॉल्टची तपासणी होत नाही, आलेल्या किमतीची होते, म्हणून हे चालतं. टाइप चेकर कुरकुर करेल, करू द्या. नाहीतर नॉट नल असलेल्या कॉलमात नल जाऊन थेट ५००, म्हणजे सर्व्हरची चूक, येतं.

याच मॉडेलवर एक्स्ट्रा='फॉर्बिड', म्हणजे अनोळखी नावं नाकारणारी सेटिंग, लावाच. सगळी फील्ड ऐच्छिक असलेल्या मॉडेलला नावाचं स्पेलिंग चुकलेली विनंती बिनबोभाट पास होते: २०० ('सगळं ठीक') येतं, बदल काहीच नाही, आणि माणूस दुपारभर डेटाबेसला दोष देत बसतो.

किमान भाव कमालपेक्षा जास्त नको, ही तपासणी मात्र पॅचच्या मॉडेलवर ठेवू नका. नोंदीत किमान ९०० आहे आणि विनंतीत फक्त कमाल ८०० आला, तर त्या मॉडेलला ९०० दिसतच नाही. जुन्या नोंदीची डिक्शनरी घ्या, तिच्यावर आलेले बदल चढवा आणि एकत्र झालेली डिक्शनरी पूर्ण मॉडेलच्या मॉडेल_व्हॅलिडेट()मधून काढा. मॉडेल_कॉपी(अपडेट=...) सोपं दिसतं, पण ते अपडेटमधल्या किमती तपासत नाही.

आता विनंती पाठवणाऱ्या मोबाइल ॲपच्या बाजूला बघा. निम्मी चूक तिथे असेल. जावास्क्रिप्टमध्ये नंबर("") म्हणजे शून्य. कुणी खोका रिकामा सोडला की शून्य क्विंटल आवक आली. मराठी कीबोर्डवरून साध्या मजकुराच्या खोक्यात '१२५०' टाइप केलं तर नंबर() एनएएन ('हा आकडा नाही') देतो आणि जेसनमध्ये त्याचं नल होतं. पायथनचा इंट() देवनागरी आकडे बिनतक्रार वाचतो, तेव्हा अशी फील्ड स्ट्रिंग म्हणूनच पाठवा आणि सर्व्हरवर बिफोरव्हॅलिडेटरमध्ये (टाइप तपासण्याआधी चालणाऱ्या फंक्शनमध्ये) रूपांतर करा. अनडिफाइंड (जावास्क्रिप्टमध्ये 'काहीच दिलेलं नाही') किंमतीचं नाव जेसन करताना गळून पडतं. तुम्हाला हवं ते नेमकं हेच. क्वेरीत, म्हणजे यूआरएलमधल्या '?'च्या पुढच्या भागात, मात्र उलटं आहे. ती जुळवणारं यूआरएलसर्चपॅरम्स त्याची 'अनडिफाइंड' अशी अक्षरं करून पाठवतं, आणि क्वेरीला नल ठाऊकच नाही. फिल्टर रिकामा असेल तर ते नावच यूआरएलमध्ये घालू नका; नुसतं 'किमान=' गेलं की पूर्णांकाच्या फील्डवर ४२२, म्हणजे 'तपासणीत नापास', ठरलेला.

४२२ आला की 'डिटेल'मधला 'टाइप' वाचा, नुसता संदेश नको. फ्लोटच्या फील्डवर 'मिसिंग' असेल तर नावच आलं नाही, 'फ्लोट_टाइप' असेल तर बहुधा नल आलं, 'फ्लोट_पार्सिंग' असेल तर रिकामी किंवा न वाचता येणारी स्ट्रिंग. शेजारच्या 'लोक'मध्ये (loc, चूक कुठे आहे ती जागा) 'बॉडी' की 'क्वेरी' तेही लिहिलेलं असतं.