इंजेक्शनचा खर्च आणि शिक्षणाची ठेव

ताई, तुमचा मुलगा आठ वर्षांचा, वजन २० किलो. दोन्ही स्टिम्युलेशन टेस्टमध्ये (औषध देऊन शरीर किती हार्मोन सोडतं ते रक्तात मोजतात) ग्रोथ हार्मोन कमी निघालं आणि डॉक्टरांनी रोजचं इंजेक्शन सांगितलं. शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम मोडू, कर्ज काढू, की दोन वर्षं पैसे साठवून मग सुरू करू, असं तुम्ही विचारलंय.

थांबण्याचा विचार आधी मनातून काढा. हाडांच्या टोकांशी असलेल्या ग्रोथ प्लेट मूल वयात येताना मिटत जातात, आणि एकदा मिटल्या की कितीही हार्मोन दिलं तरी उंची वाढत नाही. उपचाराच्या पहिल्या वर्षी वाढीचा वेग सगळ्यात जास्त असतो. वयात येण्याआधी हातात जितकी वर्षं, तितकं चांगलं. दोन वर्षांत तुमची ठेव थोडी फुगेल, पण ही दोन वर्षं परत विकत मिळत नाहीत.

आता हिशोब. तुम्ही आजचा महिन्याचा खर्च घेऊन त्याला महिन्यांनी गुणलंय. तिथेच गडबड आहे. मुलांमध्ये डोस वजनावर ठरतो, साधारण रोज किलोमागे २५ ते ३५ मायक्रोग्रॅम. ३० धरा. आज २० किलोला ०.६ मिलिग्रॅम, म्हणजे महिन्याला १८. वजन ४० किलो झालं की महिन्याला ३६. औषधाचा दर जागचा हलला नाही तरी बिल दुप्पट! पंधराव्या वर्षापर्यंत सरासरी वजन ३० किलो धरलं, तर एकूण खर्च तुमच्या आकड्याच्या दीडपट होतो. डॉक्टरांनी ३५ चा डोस लिहिला तर त्याहूनही जास्त.

मात्र या चढाला माथा आहे, म्हणून मला कर्ज पटत नाही. कर्जाचा हप्ता पहिल्या महिन्यापासून तेवढाच बसतो, औषधाचा खर्च मात्र सुरुवातीला सगळ्यात कमी असतो. आज न लागणाऱ्या पैशांवर व्याज कशाला? उंची वाढण्याचा वेग वर्षाला दोन-अडीच सेंटिमीटरच्या खाली आला की उंचीसाठीचा उपचार थांबवतात आणि हार्मोन पुन्हा तपासतात. फक्त हेच एक हार्मोन कमी असलेल्या आणि कारण न सापडलेल्या बऱ्याच मुलांची पातळी तेव्हा ठीक निघते. तसं झालं तर खर्च तिथेच संपला. हे हार्मोन बनवणाऱ्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या रचनेतच दोष असेल किंवा तिची इतर हार्मोनही कमी असतील, तर मोठेपणीही इंजेक्शन लागण्याची शक्यता बरीच असते. तेव्हा ते उंचीसाठी नसतं. स्नायू, हाडं, चरबीचं प्रमाण आणि अंगातला उत्साह यांसाठी असतं. मोठ्यांचा डोसही बहुधा वजनावर ठरवत नाहीत. दिवसाला ०.२ ते ०.४ मिलिग्रॅमपासून सुरू करून रक्तातलं आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनचा परिणाम दाखवणारा घटक) बघत तो कमीजास्त करतात. म्हणजे तेव्हाही खर्च उतरतोच. एमआरआयमध्ये पिट्युटरी कशी दिसली हे पत्रात नाही. डॉक्टरांना विचारून ठेवा, कारण पुढच्या वीस वर्षांचं अंदाजपत्रक त्यावर ठरतं.

तेव्हा ठेवीलाच हात लावा, पण हप्त्याहप्त्याने. दीड वर्षाच्या औषधाइतकी रक्कम काढून लगेच हाताशी येईल अशा जागी ठेवा. बाकीची वाढू द्या. दरवर्षी वजन पाहून पुढच्या वर्षाची रक्कम काढा. आपत्कालीन निधी मात्र यात घालू नका. वर्षभरात उंचीचा वेग अपेक्षेप्रमाणे वाढला नाही, तर डॉक्टर डोस, नियमितपणा आणि निदान हे सगळंच पुन्हा तपासतील. तेव्हा सगळी ठेव मोडलेली नसावी.

स्वस्त पडतं म्हणून वर्षाचं औषध एकदम घेऊ नका. डोस दर काही महिन्यांनी बदलतो. साठा २ ते ८ अंशांत ठेवावा लागतो, आणि फ्रिज बंद पडला तर सगळाच वाया. उघडलेलं काडतूस (इंजेक्शनच्या पेनमध्ये बसणारी औषधाची नळी) बहुतेक कंपन्या २८ दिवसांत संपवायला सांगतात. १५ मिलिग्रॅमचं काडतूस ०.६ च्या डोसला बरोबर २५ दिवस पुरतं, थेंबही टाकावा लागत नाही. डोस बदलला की हे गणित पुन्हा मांडा.

बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध, चालेल का, हे डॉक्टरांना मोकळेपणी विचारा. युरोपात ती २००६ पासून वापरात आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही आता मिळतं. वर्षाला ३६५ ऐवजी ५२ वेळा सुई, हे मुलासाठी मोठंच सुख. पण तुलना एका सुईच्या किमतीची करू नका, वर्षाच्या बिलाची करा. रोजची सुई वारंवार चुकत असेल तर महाग वाटणारी साप्ताहिक सुई परवडते, कारण चुकलेल्या डोसांनी वाढ मंदावते.

विमा कंपनीला एकच प्रश्न लेखी विचारा: घरी टोचायच्या हार्मोनचा खर्च मिळतो का? उत्तर हातात आलं की दीड वर्षाची रक्कम ठरवून टाका आणि इंजेक्शन सुरू करा.