केबल बंद केल्यावर टीव्हीवर काय दिसेल? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या घराच्या पत्र्यावर वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी बसवलेला ॲल्युमिनियमचा अँटेना अजून शाबूत आहे. केबलचा मासिक खर्च परवडेना म्हणून ती बंद केली आणि अँटेनाची वायर नव्या टीव्हीला जोडली, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतात. वायर बदलावी की अँटेना? (निवृत्त शिक्षक, सासवड)

उत्तर : वायरही बदलू नये आणि अँटेनाही बदलू नये, कारण ज्या मनोऱ्याकडे तोंड करून तो इतकी वर्षे उभा आहे, तिथून येणारे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपणच आता थांबले आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुणे परिसरात दिसू लागले. पुढे गावोगावच्या टेकड्यांवर लहानमोठे प्रक्षेपक उभे राहिले आणि आपल्यासारख्या हजारो घरांवर असे अँटेने चढले. दूरदर्शनने हे ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले आणि २०२२ पर्यंत, मोक्याच्या ठिकाणचे थोडे प्रक्षेपक वगळता, देशभरातले बहुतेक सगळे शांत झाले.

मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण करण्याचा प्रयत्नही झाला, हे येथे सांगायला हवे, कारण ‘डिजिटल अँटेना’ या नावाखाली बाजारात जे काही विकले जाते त्यावर आपण पैसे घालवाल अशी भीती वाटते. २०१६ साली दूरदर्शनने देशातल्या १६ शहरांत ही सेवा सुरू केली, तेव्हा महाराष्ट्रातून त्या यादीत मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, ही दोनच शहरे होती. वाहिन्या मोजक्या होत्या आणि त्या पकडणारा ट्यूनर बहुतेक घरांतल्या टीव्हींत नव्हता, त्यामुळे ती लोकांपर्यंत फारशी पोहोचलीच नाही. तेव्हा महिन्याचे पैसे न भरता ‘सह्याद्री’ पाहायची असेल, तर आपल्याकडे व्यवहार्य मार्ग एकच उरतो आणि तो म्हणजे दूरदर्शनची उपग्रहावरून येणारी मोफत सेवा, डीडी फ्री डिश. गच्चीवरची छत्री, सेट-टॉप बॉक्स, वायर आणि बसवणावळ धरून सुमारे दोन हजार रुपयांचा एकदाच होणारा खर्च आहे. त्यानंतर रिचार्ज नाही की मासिक वर्गणी नाही. वडिलांचा अँटेना मात्र आठवण म्हणून राहू द्यायचा असल्यास पावसाळ्याआधी त्याच्या खांबाचे ताण तपासून घ्यावेत.

प्रश्न : फ्री डिशवर मराठी मालिका दिसतात का? दुकानदार म्हणतो, सगळे दिसते. (गृहिणी, सोलापूर)

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि सोनी मराठी या पैसे भरून पाहायच्या वाहिन्या असून त्या फ्री डिशवर नाहीत. आपल्या घरात रात्री साडेसातपासून याच वाहिन्यांवरच्या मालिका लागत असतील, तर केबल तोडण्याआधी घरातल्या सर्वांना विचारून घेणे शहाणपणाचे ठरेल.

जे दिसते त्याचे दोन भाग पडतात. दूरदर्शनच्या स्वतःच्या वाहिन्या, म्हणजे सह्याद्री, डीडी नॅशनल, डीडी न्यूज आदी, यांची जागा पक्की असते. खाजगी वाहिन्या मात्र दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या लिलावात बोली लावून जागा मिळवतात आणि मुदत संपली की पुन्हा बोली लावतात किंवा निघून जातात. चित्रपट आणि जुन्या मालिका दाखवणाऱ्या ‘फक्त मराठी’ किंवा ‘शेमारू मराठीबाणा’ यांसारख्या वाहिन्या प्रेक्षकांनी येथे पाहिल्या आहेत, पण आज दिसणारी वाहिनी पुढच्या एप्रिलमध्ये दिसेलच असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मार्च २०१९ मध्ये मोठ्या प्रक्षेपण कंपन्यांनी आपल्या मोफत हिंदी मनोरंजन वाहिन्या एकाच वेळी येथून काढून घेतल्या, पुढच्या वर्षी त्या परत आणल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. या ये-जा करण्याशी आपल्या बॉक्सचा काही संबंध नसतो. एखादी वाहिनी गायब झाली की मेकॅनिकला बोलावण्याआधी बॉक्सवर नव्याने ‘ऑटो स्कॅन’ करून पाहावे, कारण पुष्कळदा तिची जागा बदललेली असते. बॉक्स घेताना तो ‘एमपीईजी-४’, म्हणजे चित्र दाबून पाठवण्याच्या नव्या पद्धतीचा, असल्याची खात्री करावी. जुन्या ‘एमपीईजी-२’ बॉक्सवर काही वाहिन्या लागतच नाहीत.

प्रश्न : छत्री स्वतः बसवली. बॉक्सवर सिग्नलची पट्टी भरलेली दिसते, तरी एकही वाहिनी येत नाही. शिवाय शेजारी सांगतात की कोकणात पावसाळ्यात ही छत्री निरुपयोगी असते. (आंबा बागायतदार, रत्नागिरी)

उत्तर : बॉक्सवर दोन पट्ट्या असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी वायर आणि एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावरचे नळकांडे, जिवंत आहे एवढेच सांगते, छत्री आकाशात भलतीकडे रोखलेली असली तरी ती भरलेली दिसू शकते. आपण पाहायची ती ‘क्वालिटी’ची पट्टी. ती शून्यावर असेल, तर छत्री योग्य उपग्रहाकडे नाही असे समजावे.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. रत्नागिरीहून पाहता तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास सुमारे १२८ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंच येतो. पुण्या-मुंबईकडे दिशा १३१ अंशांच्या आसपास असते, तर नागपूरला ती दक्षिणेकडे सरकून १४४ अंशांपर्यंत जाते. मोबाइलमधले होकायंत्र वापरण्यास हरकत नाही, मात्र ते लोखंडी कठड्याजवळ किंवा छत्रीच्याच खांबाला टेकवून धरू नये. उंचीच्या बाबतीत डोळा हमखास फसतो. आपली छत्री ‘ऑफसेट’ प्रकारची असते, म्हणजे तिचा दांडा खालच्या कडेपासून निघतो, आणि त्यामुळे ती ५९ अंशांवर पाहत असतानाही तिचा चेहरा वाटते त्यापेक्षा बराच उभा दिसतो. पुष्कळ जण तिला आभाळाकडे उताणी करून ठेवतात आणि मग दिवसभर वाहिन्या शोधत बसतात.

आणखी एक फसगत म्हणजे ९५ अंशांवर, अगदी लगतच, एका खाजगी डीटीएच सेवेचा उपग्रह आहे. दोघांमध्ये फक्त दीड अंशाचे अंतर असल्याने छत्री नकळत त्याच्यावर स्थिरावते. म्हणून बोल्ट किंचित सैल ठेवून छत्री आडव्या दिशेत एका वेळी बोटभरच सरकवावी, प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद थांबावे, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो, आणि एक जण पडद्यासमोर बसवून फोनवरून ‘क्वालिटी’चा आकडा विचारत राहावे. आकडा सर्वांत वर गेला की एलएनबी जागच्या जागी थोडी पिळून तो आणखी वाढतो का ते पाहावे आणि मगच बोल्ट आवळावेत; आवळतानाही छत्री हलते, याकडे लक्ष असू द्यावे.

आपल्याकडे झाडे असणार, म्हणून एक सोपी परीक्षा सांगतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या आरंभी, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य आकाशात नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीच्या जागेवर ऊन पडत असेल, तर मार्ग मोकळा आहे. कलमाची सावली पडत असेल, तर तीच फांदी सिग्नलही अडवते. त्याच दिवसांत काही मिनिटे चित्र फुटते किंवा जाते, कारण सूर्याच्या स्वतःच्या लहरी उपग्रहाच्या क्षीण सिग्नलवर मात करतात. ते आपोआप ठीक होते.

पावसाबद्दल शेजाऱ्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. या सिग्नलची वारंवारता ११ गिगाहर्ट्झच्या आसपास असून त्याची लहर जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर लांबीची आहे; आषाढातल्या दाट सरी अशा लहरी शोषतात आणि विखुरतात. तरीही चित्र जाते ते मुसळधार सरीपुरते, आणि सर ओसरली की परत येते. रिमझिम पावसातही चित्र तुटत असेल, तर दोष पावसाचा कमी आणि अर्धवट जुळवलेल्या छत्रीचा अधिक असतो. कोकणात मी नेहमीच्या ६० सेंटीमीटरऐवजी ९० सेंटीमीटरची छत्री सुचवतो. तिचे क्षेत्रफळ सव्वादोन पट असल्याने पावसासाठी थोडा सिग्नल हाताशी शिल्लक राहतो, पण छत्री वाराही तेवढाच जास्त धरते, म्हणून ती पत्र्यावर न लावता भिंतीत किंवा स्लॅबवर पक्क्या बोल्टने बसवावी. वायरच्या जोडावर पाणीरोधक टेप गुंडाळण्याचा आळस करू नये; खाऱ्या हवेत तो जोड एका पावसात गंजतो.

प्रश्न : खाजगी डीटीएचचे रिचार्ज बंद केले आहे. त्यांची छत्री फ्री डिशसाठी चालेल का? (बँक कर्मचारी, नाशिक)

उत्तर : छत्री आणि वायर चालेल, बॉक्स बहुधा चालणार नाही, कारण तो त्या कंपनीच्याच सेवेपुरता बांधलेला असतो. छत्री मात्र वळवावी लागेल. टाटा प्ले ८३ अंशांवरच्या उपग्रहाकडे पाहते, म्हणून तिची छत्री पूर्वेकडे सुमारे २० अंश फिरवावी लागते. एअरटेलची १०८ अंशांकडे पाहते, ती दक्षिणेकडे आणावी लागते. छत्री आपल्या मालकीची आहे की भाड्याने दिलेली, हे जुन्या पावतीवर पाहून घ्यावे.

प्रश्न : आमच्या सदनिकेची बाल्कनी वायव्येला आहे आणि सोसायटी गच्चीवर छत्री लावू देत नाही. (वाचक, ठाणे)

उत्तर : वायव्येच्या बाल्कनीतून हा उपग्रह कोणत्याही युक्तीने दिसणार नाही. सोसायटीचा विरोध बहुतेकदा गच्चीवर उगवणाऱ्या छत्र्यांच्या रानाला आणि गळतीला असतो, म्हणून सर्वसाधारण सभेत एकच सामाईक छत्री मागून पाहावी. चार तोंडांच्या एलएनबीवर चार घरांचे बॉक्स स्वतंत्रपणे चालतात. तेही जमले नाही, तर प्रसार भारतीचे ‘वेव्हज’ हे ॲप आहे, जे नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झाले आणि ज्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट पाहता येतात. घरात ब्रॉडबँड आधीपासून असेल तर हा मार्ग सर्वांत सोपा आहे. केवळ सह्याद्रीच्या बातम्यांसाठी नवे इंटरनेट घेणे मात्र महागात पडेल.

प्रश्न : केबलवर डीडीची वाहिनी असूनही क्रिकेटचा सामना दिसत नाही, आणि मामांच्या घरी फ्री डिशवर तोच सामना दिसतो. हा कोणता न्याय? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : हा सर्वोच्च न्यायालयाचा न्याय आहे. २००७च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचे चित्रण हक्कधारक कंपनीला प्रसार भारतीला द्यावेच लागते आणि त्यावरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ७५ टक्के वाटा कंपनीला, २५ टक्के प्रसार भारतीला मिळतो. परंतु दूरदर्शनच्या काही वाहिन्या केबलवर दाखवणे सक्तीचे असल्याने तेच सामने केबलवरही फुकट दिसू लागले आणि कोट्यवधी रुपये मोजून हक्क घेणाऱ्या वाहिनीची वर्गणी कोण भरणार, असा वाद उभा राहिला. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, असे चित्रण दूरदर्शनने स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या डीटीएच सेवेवरूनच दाखवावे. मनोरे बंद झाल्यावर उरली ती फ्री डिश, म्हणून मामांकडे सामना दिसतो. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने या यादीत आहेत, सगळ्या कसोट्या नाहीत, आणि आयपीएलसाठी मामांकडे जाण्यात अर्थ नाही, कारण ती यादीतच नाही.

प्रश्न : मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलो आहोत. येथे केबल नाही. स्थानिक बातम्यांसाठी जावयांनी खिडकीला चिकटवायचा पातळ अँटेना आणला, त्यावर २, ४ आणि ५ क्रमांक दिसतात, पण ७, ११ आणि १३ दिसत नाहीत. (वाचक दांपत्य, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : आपल्याकडे जो मार्ग बंद पडला तो तिथे जोमात आहे. अमेरिकेने जून २००९ मध्ये मोठ्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण थांबवले, पण त्याच मनोऱ्यांवरून डिजिटल प्रक्षेपण चालू ठेवले आणि नव्या टीव्हीत तो ट्यूनर असणे त्याआधीच सक्तीचे केले होते, म्हणून जावयांचा अँटेना थेट टीव्हीला जोडता आला.

आपली अडचण लहरींच्या लांबीची आहे. न्यूयॉर्कची २, ४ आणि ५ ही केंद्रे आता यूएचएफ, म्हणजे आखूड लहरींच्या, पट्ट्यात आहेत, तर ७, ११ आणि १३ ही व्हीएचएफवरच राहिली आहेत, जिथे लहर दीड मीटरच्या आसपास लांब असते आणि ती पकडायला सुमारे पाऊण मीटर लांबीचा दांडा लागतो. खिडकीवरच्या वहीएवढ्या कागदात तो मावत नाही. दोन लांब दांड्या बाहेर ओढता येणारा, ज्याला तिथे ‘सशाचे कान’ म्हणतात तसा, अँटेना घ्यावा आणि तो ईशान्येकडच्या खिडकीत ठेवावा, कारण ही केंद्रे मॅनहॅटनमधल्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि एम्पायर स्टेट बिल्डिंग यांच्या माथ्यावरून, आपल्यापासून सुमारे ३५ ते ४० किलोमीटरवरून, प्रक्षेपण करतात. तेवढ्याने भागले नाही तर अँटेना बाल्कनीत नेता येईल. घर भाड्याचे असले तरी स्वतःच्या वापरातल्या बाल्कनीत टीव्हीचा अँटेना लावण्यास घरमालकाला सहसा मज्जाव करता येत नाही, असा तिथला नियम आहे. प्रत्येक वेळी जागा बदलल्यावर टीव्हीवर वाहिन्यांचा शोध नव्याने घ्यावा.