उतरताना बेसवरून (धावपट्टीला काटकोनातला टप्पा) फायनलला (धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा) वळताना विमान स्टॉल का होतं, म्हणजे पंखाची उचल अचानक का कमी होते? वेग तर पुरेसा असतो ना?

तो वेग सरळ उड्डाणाच्या हिशेबाने पुरेसा असतो. स्टॉल ठरतो पंखाच्या अँगल ऑफ अटॅकवरून (पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन), बहुतेक प्रशिक्षण विमानांत साधारण १५ ते १८ अंशांवर. उंची राखून वळताना लोड फॅक्टर (पंखांवरचा भार वजनाच्या किती पट) म्हणजे १ भागिले बँकच्या (विमान बाजूला कलण्याच्या) कोनाचा कोसाइन, आणि स्टॉलचा वेग त्याच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. सरळ उड्डाणात ५० नॉटला स्टॉल होणारं विमान ३० अंश बँकला सुमारे ५४, ४५ ला ६० आणि ६० अंशांना ७१ नॉटलाच स्टॉल होतं.

खरा घात मात्र रडरने (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची फळी) होतो. धावपट्टीची सेंटरलाइन (मधली रेषा) ओलांडली जातेय असं दिसलं की पायलट आतल्या बाजूचा रडर दाबतो. बाहेरचा पंख वेगाने फिरून वर येतो, बँक वाढू नये म्हणून उलट एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी फळी) दिला जातो, नाक खाली जातं म्हणून स्टिक ओढली जाते. आतल्या पंखाचा एलेरॉन आता खाली असतो, म्हणून तोच आधी स्टॉल होतो आणि विमान त्याच बाजूला उलटतं. त्या उंचीवर स्पिनमधून (स्टॉल होऊन गरगरत खाली येण्यातून) सावरायला जागा नसते.

बॉल (विमान बाजूला घसरतंय का हे दाखवणारा पॅनेलवरचा गोळा) मध्यभागी, बँक ३० अंशांच्या आत. सेंटरलाइन चुकलीच तर गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं). बफे (स्टॉलआधीची थरथर) जाणवताच आधी स्टिक पुढे, पंख त्यानंतर सरळ करा.